वर्दळीच्या घरासाठी टिकाऊ व्हायनिल प्लँक फरशी कशी निवडावी

राहत्या घरातली जुनी लादी फोडून नवी बसवणे म्हणजे महिनाभर धूळ, खालच्या मजल्यावरच्यांची नाराजी आणि राडारोडा उचलून नेण्याचा वेगळा खर्च. हे टाळण्यासाठी पुण्या-मुंबईतील अनेक कुटुंबे जुन्या लादीवरच व्हायनिल प्लँक, म्हणजे पीव्हीसी प्लॅस्टिकपासून बनवलेल्या लाकडासारख्या दिसणाऱ्या फळ्या, बसवून घेतात. काम लवकर आटोपते, पायाला गारठा लागत नाही, लहान मूल पडले तरी कडक फरशीइतका मार बसत नाही. मात्र ही फरशी सहसा रंग पाहून निवडली जाते आणि तिथेच घोटाळा होतो. सहा माणसांच्या घरात ती किती वर्षे टिकेल हे तिच्या माथ्यावरचा पारदर्शक थर, आतला गाभा आणि तिच्याखालची जमीन या तीन गोष्टी ठरवतात. त्यांचा निकाल लागल्यावर रंगाकडे वळावे.

एक गोष्ट आधीच सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. घरातली व्हिट्रिफाइड टाइल धडधाकट असेल आणि केवळ तिचा कंटाळा आला असेल, तर टिकाऊपणाच्या कसोटीवर व्हायनिल तिच्यापुढे जात नाही. जुन्या मोझॅक लादीलाही चांगले पॉलिश केले तर ती पुन्हा झळकते. व्हायनिल निवडावे ते तोडफोड नको असेल, वयस्कर माणसांच्या गुडघ्यांना थोडा मऊपणा हवा असेल किंवा लाकडाचे रूप हवे पण लाकडाची निगा राखणे जमणार नसेल तेव्हा.

कड पाहून माल ओळखावा

आपल्याकडे दुकानात “वुडन फ्लोअरिंग” या एकाच नावाखाली लॅमिनेट आणि व्हायनिल दोन्ही दाखवले जातात, त्यामुळे पहिली तपासणी फळीच्या कडेची करावी. कड तपकिरी आणि दाबलेल्या भुश्यासारखी दिसली तर ते लॅमिनेट आहे; त्याचा गाभा लाकडाच्या तंतूंचा असतो आणि सांध्यातून पाणी शिरले की कडा फुगतात, त्या पुन्हा बसत नाहीत. कड राखाडी, घट्ट, दगडी वाटली आणि फळी हातात चांगलीच जड लागली तर ती एसपीसी, म्हणजे चुनखडीची भुकटी आणि पीव्हीसी यांच्या मिश्रणाचा कडक गाभा असलेली फळी. पाच मिलिमीटर जाडीच्या एसपीसीचे वजन चौरस मीटरला साधारण नऊ-दहा किलो भरते. गाभा फेसाळ, हलका आणि जाडसर दिसला तर ती डब्ल्यूपीसी. आणि फळी हातात धरल्यावर पट्ट्यासारखी लवत असेल तर ती गोंदाने चिकटवायची लवचिक एलव्हीटी.

वर्दळीच्या घरासाठी निवड मुख्यतः एसपीसी आणि चिकटवायची एलव्हीटी यांच्यातच करावी. डब्ल्यूपीसी पायाला सर्वांत मऊ लागते, पण फेसाळ गाभ्यामुळे जड कपाटाच्या पायाखाली तिच्यात खळगा पडण्याची शक्यता अधिक. दिवाणखान्यात भरलेले लोखंडी कपाट किंवा पुस्तकांचे जड शेल्फ असेल तर तिचा विचार सोडलेला बरा.

वेअर लेयर: खरी झीज इथेच सोसली जाते

व्हायनिल फळीचा आडवा छेद पाहिला तर सर्वांत वर पॉलियुरेथेनचा अतिशय पातळ लेप असतो. त्याखाली पारदर्शक पीव्हीसीचा थर, ज्याला बाजारात वेअर लेयर म्हणतात. त्याच्याखाली लाकडाची नक्षी छापलेली फिल्म, मग गाभा, आणि काही फळ्यांना तळाशी फोमचे अंडरले आधीच चिकटवलेले असते. आपल्याला जे सागवान किंवा ओक दिसते ते छापील चित्र आहे, आणि पावलांपासून त्याचे रक्षण करणारा वेअर लेयर एकदा झिजला की ते चित्र पुसट होऊ लागते. लाकडाप्रमाणे त्याला घासून पुन्हा पॉलिश करता येत नाही. म्हणून या थराची जाडी हा खरेदीतला पहिला प्रश्न असला पाहिजे.

ही जाडी दोन मापांत सांगितली जाते आणि त्यात ग्राहकाची गफलत होते. विक्रेता “वीस मिल” म्हणतो तेव्हा तो मिलिमीटरविषयी बोलत नसतो. मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग, अर्थात ०.०२५४ मिलिमीटर. त्या हिशेबाने १२ मिल म्हणजे सुमारे ०.३ मिलिमीटर आणि २० मिल म्हणजे सुमारे ०.५ मिलिमीटर. दोघा-तिघांच्या, पादत्राणे बाहेर काढणाऱ्या घराच्या झोपण्याच्या खोलीला ०.३ चालून जाते. मुले, आजी-आजोबा, कामाला येणाऱ्या मावशी, पाहुणे आणि कदाचित एखादा कुत्रा अशी सतत ये-जा असलेल्या घराच्या दिवाणखान्यात आणि स्वयंपाकघरात मात्र ०.५ किंवा ०.५५ मिलिमीटरच्या खाली उतरू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याहून पातळ, ०.१५ किंवा ०.२ मिलिमीटरचा माल स्वस्त पडतो, पण तो भाड्याच्या दुकानापुरता किंवा काही महिन्यांच्या सजावटीपुरता ठीक.

फळीची एकूण जाडी आणि वेअर लेयरची जाडी यांचा एकमेकांशी संबंध नाही. सहा मिलिमीटरची फळी ०.३ च्या थराची असू शकते आणि चार मिलिमीटरची ०.५५ च्या. त्यात “सहा मिलिमीटर” या आकड्यात बऱ्याचदा खालच्या फोमचा एक मिलिमीटर धरलेला असतो. त्यामुळे दुकानदाराला तीन आकडे वेगवेगळे विचारावेत: गाभा किती, अंडरले किती, वेअर लेयर किती. हे आकडे पेटीवर किंवा उत्पादनाच्या माहितीपत्रकात छापलेले असावे लागतात. तोंडी सांगितलेला आकडा गृहीत धरू नये.

पेटीवर २३, ३२, ३३ असे अंक दिसले तर ते वापराचे वर्ग आहेत, जे ईएन आयएसओ १०८७४ या मानकात ठरवून दिलेले आहेत. पहिला अंक दोन असेल तर घरगुती वापर, तीन असेल तर व्यापारी वापर. दुसरा अंक जितका मोठा तितकी वर्दळ जास्त. २३ म्हणजे जास्त वर्दळीचे घर, ३३ म्हणजे जास्त वर्दळीची व्यापारी जागा. एकत्र कुटुंबाच्या घरासाठी २३ सोबत ३२ किंवा ३३ लिहिलेला माल घेतल्यास मनाला स्वस्थता राहते.

आपल्या घरात फरशीवर काय काय घडते

कंपन्यांची माहितीपत्रके बहुधा परदेशी घरे डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेली असतात. आपल्या घरातली झीज वेगळी असते, तिचा हिशेब आपणच मांडावा लागतो.

सिलिंडर घ्या. घरगुती सिलिंडरमध्ये गॅसच १४.२ किलो असतो आणि जवळपास तेवढेच वजन रिकाम्या टाकीचे. तिशीच्या घरातले हे किलो तळाच्या पातळ लोखंडी कड्यावर येतात, आणि बदलताना तो कड्यावर तिरका करून गोल फिरवत नेला जातो. या एका कृतीत कोणत्याही व्हायनिलवर अर्धवर्तुळाकार ओरखडा उमटतो, मग वेअर लेयर कितीही जाड असो. त्यावर उपाय चाकांच्या ट्रॉलीचा आहे, आणि ट्रॉलीची चाके मऊ असावीत. ओट्याखालची सिलिंडरची जागा लादीचीच ठेवावी, तिथे व्हायनिल नेऊ नये.

रांगोळीकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही. रांगोळीची पूड ही दगडाची भुकटी असते. उंबरठ्याशी काढलेली रांगोळी दिवसभरात पायांना लागून आत येते आणि चपलेच्या किंवा खुर्चीच्या पायाखाली बारीक सँडपेपरसारखे काम करते. दिवाळीच्या चार दिवसांत दारापासून पहिल्या तीन फुटांचा पट्टा त्यामुळे मंद पडू शकतो. दाराच्या आत एक कापडी पायपुसणे आणि रोज कोरडा केर काढणे एवढ्याने बरेच साधते. ओल्या फडक्याने थेट पुसू नये. आधी कुंच्याने भुकटी उचलावी, नाहीतर ती फडक्याखाली घासली जाते.

पायपुसणे कापडी असावे असे म्हटले, त्याला कारण आहे. रबराच्या पाठीचे पायपुसणे व्हायनिलवर महिनोन्महिने पडून राहिले की रबरातील रसायने पीव्हीसीमध्ये उतरतात आणि खाली पिवळट-तपकिरी डाग पडतो. हा डाग पृष्ठभागावर नसतो, आत असतो, म्हणून कशानेही निघत नाही. फ्रिजचे, वॉशिंग मशीनचे आणि व्यायामाच्या सायकलचे रबरी पायही असेच करतात. त्यांच्याखाली लोकरी फेल्टचे तुकडे लावावेत.

हळदीचा डाग लगेच पुसला तर बहुतेक निघून जातो. रात्रभर राहिला तर फिकट पिवळी छटा उरू शकते, विशेषतः पांढुरक्या रंगाच्या फळीवर. दुकानातून नमुन्याचा तुकडा मागून आणावा, त्यावर तेलात कालवलेली हळद, कुंकू आणि बॉलपेनची रेघ रात्रभर ठेवावी आणि सकाळी साबणाच्या पाण्याने पुसून पाहावे. त्याच तुकड्यावर खिशातली किल्ली जोर देऊन ओढावी. या घरगुती परीक्षेत वरच्या लेपाचा खरा दर्जा कळतो आणि दोन कंपन्यांच्या मालातला फरक माहितीपत्रकापेक्षा इथे अधिक स्पष्ट दिसतो.

विस्तवाशी मात्र या फरशीचे कधीच जमत नाही. पीव्हीसी उष्णतेने मऊ होते. गॅसवरून उतरवलेला कुकर खाली ठेवला, उदबत्तीचा पेटता तुकडा पडला, धुपाटण्यातून निखारा उडाला, तर वर्तुळ किंवा काळा ठिपका कायमचा राहतो. देवघरासमोर संगमरवराची किंवा ग्रॅनाइटची एक लादी बसवून घ्यावी आणि निरांजन, धूप, कापूर हे सारे तिच्यावरच व्हावे. खाली बसून विळीवर नारळ खवणाऱ्या किंवा खलबत्ता वापरणाऱ्या घरात त्यासाठी लाकडी पाटाची सवय असतेच. ती चालू ठेवावी.

सांधा हाताने तपासावा

एसपीसी फळ्या खिळे किंवा गोंद न वापरता एकमेकींत अडकवल्या जातात, म्हणजे साऱ्या फरशीची भिस्त काही मिलिमीटरच्या खाचेवर असते. गाभ्यात चुनखडी अति आणि पीव्हीसी कमी असेल तर ही खाच ठिसूळ होते. दुकानात दोन फळ्या जोडून पाहाव्यात, सोडवाव्यात, पुन्हा जोडाव्यात. असे चार-पाच वेळा केल्यावर खाचेचे कण गळत असतील किंवा जोडावर अंगठा फिरवताना एक कड वर लागत असेल, तर तो माल नाकारावा. बेल्जियमच्या युनिलिन आणि स्वीडनच्या व्हॅलिंगे या कंपन्यांच्या लॉकच्या पद्धती जगभर परवान्याने वापरल्या जातात. पेटीवर त्यांचा उल्लेख असणे ही जमेची बाजू आहे, पण त्यामुळे हाताने तपासण्याची गरज संपत नाही.

फळीला फोम आधीच चिकटवलेला असेल तर त्याखाली आणखी मऊ फोम अंथरू नये. अधिक मऊ म्हणजे अधिक चांगले असे वाटून अनेक घरांत हे केले जाते, आणि मग प्रत्येक पावलासरशी सांधा खाली-वर होऊन खाच मोडते.

खालची जमीन

फळी कितीही महाग असली तरी खालची जमीन वाईट असेल तर ती टिकत नाही. कारागीर घाईत असतो आणि जमीन सारखी करण्याचे काम अंदाजपत्रकात बहुतेक वेळा धरलेले नसते, म्हणून ही तपासणी मालकाने स्वतः उभे राहून करून घ्यावी.

प्रथम नाण्याने किंवा लाकडी दांड्याने प्रत्येक लादी वाजवून पाहावी. पोकळ आवाज येणारी, हलणारी लादी काढून तिथे सिमेंटचा मसाला भरावा. त्यानंतर गवंड्याकडची ॲल्युमिनियमची लांब सरळ पट्टी जमिनीवर निरनिराळ्या दिशांनी ठेवावी. बहुतेक उत्पादकांची अट तीन मीटर अंतरात पाच मिलिमीटरपेक्षा अधिक चढउतार नको अशी असते. पट्टीखालून जिथे जास्त उजेड दिसेल तिथे उंचवटा घासावा आणि खळगा सेल्फ-लेव्हलिंग, म्हणजे ओतल्यावर आपोआप सपाट पसरणाऱ्या, मसाल्याने भरावा. कडक एसपीसीखाली लाद्यांमधल्या बारीक सांध्यांचा त्रास होत नाही, पण गोंदाने चिकटवायच्या पातळ एलव्हीटीमधून खालच्या लादीचा प्रत्येक सांधा काही महिन्यांत वर उमटतो, म्हणून तिच्यासाठी संपूर्ण जमिनीवर पातळ थर देऊन सांधे बुजवणे अनिवार्य आहे.

जुन्या इमारतीत आधीची व्हायनिलची फरशी असेल आणि ती नेमकी कशाची आहे हे ठाऊक नसेल, तर ती घासू किंवा फोडू नये. पूर्वी पीव्हीसीत ॲस्बेस्टॉस मिसळून फरशा बनवल्या जात आणि त्यांची धूळ फुप्फुसांना घातक असते. ती जागची न हलवता तिच्यावर काम करता येते का, हे जाणकाराकडून ठरवून घ्यावे.

आता ओल. “वॉटरप्रूफ” या शब्दाचा अर्थ एवढाच की पाण्याने फळी स्वतः फुगणार नाही. वरून सांडलेले किंवा खालून येणारे पाणी फळीखाली साचू शकते, आणि तिथे ते वाळत नाही. मग बुरशी धरते आणि खोलीला कुबट वास येऊ लागतो. तळमजल्यावरच्या घरांत, विशेषतः कोकणातील जांभ्याच्या बांधकामात किंवा शहाबादी फरशीच्या जुन्या घरांत, ही परीक्षा आवर्जून करावी: १८ इंच लांब-रुंद पारदर्शक प्लॅस्टिकचा तुकडा जमिनीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि किमान १६ तासांनी पाहावे. आत थेंब जमले किंवा जमीन काळपट झाली तर ओल आहे. कोबा, सिमेंटची लादी किंवा शहाबादी यांवर ही परीक्षा खरी उतरते. व्हिट्रिफाइड टाइलमधून ओल वर येत नाही, म्हणून तिथे सांध्यांवर पांढरे क्षार आले आहेत का आणि भिंतीच्या तळाशी पोपडे सुटले आहेत का हे पाहावे. परीक्षा पावसाळ्यात केलेली उत्तम. एप्रिलमधली कोरडी जमीन जुलैतही कोरडी असेलच असे नाही. ओल सापडली तर तिचा बंदोबस्त आधी करावा, वरून फळी झाकून ती मिटत नाही.

न्हाणीघरात, उघड्या गॅलरीत आणि रोज बादलीने पाणी ओतून धुतल्या जाणाऱ्या जागेत व्हायनिल नकोच.

उन्हाळा आणि मोकळी फट

अडकवून बसवलेली फरशी तरंगती असते, म्हणजे खालच्या जमिनीला चिकटवलेली नसते. उष्णतेने पसरते, थंडीने आकसते. भिंतींच्या कडेने सहा ते दहा मिलिमीटर फट सोडून ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. ही फट राखली नाही, किंवा खोलीच्या दोन्ही टोकांना फरशीवर जड, भिंतीला ठोकलेली कपाटे बसवली, तर मे महिन्यात मधल्या फळ्या तंबूसारख्या उचलल्या जातात. मॉड्युलर किचनचे आणि वॉर्डरोबचे सांगाडे आधी लादीवर बसवावेत, फळी त्यांच्यापर्यंत आणून थांबवावी. नागपूर-अकोल्याकडे, जिथे पारा पंचेचाळिशीला टेकतो, तिथे पश्चिमेच्या मोठ्या काचेतून येणारे ऊन फळीवर तासन्‌तास पडणार असेल तर जाड पडदा तरी लावावा, किंवा त्या खोलीपुरती गोंदाने चिकटवायची एलव्हीटी निवडावी. बसवण्यापूर्वी पेट्या त्याच खोलीत ४८ तास आडव्या ठेवण्याची सूचना सहसा असते, ती पाळावी.

दारांचाही विचार आधीच करावा. लादीवर पाच-सहा मिलिमीटर चढल्यावर दार घासते. सुताराला त्याच आठवड्यात बोलावून ठेवावे. वयस्कर माणसे असलेल्या घरात दोन खोल्यांमधली जोडपट्टी उंच नसावी, आणि फळीची घसरणरोधक श्रेणी विचारावी: आर ९ पेक्षा आर १० ओल्या पायांना अधिक सुरक्षित.

रंग आणि खरेदी

मध्यम छटा, मंद चमक आणि हलका उठाव हे मिश्रण आपल्याकडच्या धुळीला सर्वांत चांगले तोंड देते. गडद आणि चकचकीत फळीवर प्रत्येक पाऊल दिसते. फार खोल नक्षीत स्वयंपाकघरातले पीठ आणि तेलकटपणा अडकून बसतो. पेटीतल्या फळ्या जमिनीवर मांडून त्यातली किती चित्रे वेगळी आहेत ते मोजावे. तीच गाठ दर तिसऱ्या फळीवर दिसली तर मोठ्या खोलीत ते डोळ्यांना खुपते. लहान मुले जमिनीवर रांगत असतील तर थॅलेटविरहित (थॅलेट म्हणजे पीव्हीसी मऊ करण्यासाठी वापरले जाणारे रसायन) असल्याचे आणि घरातील हवेसाठीच्या फ्लोअरस्कोरसारख्या प्रमाणपत्राचे कागद मागावेत.

मापाचा हिशेब सोपा आहे. १० फूट बाय १२ फुटांची खोली १२० चौरस फुटांची, कापाकापीचे दहा टक्के धरून १३२. पेटीत २२ चौरस फूट माल असेल तर सहा पेट्या लागतात. सातवी पेटी जास्तीची घ्यावी, कारण पुढच्या वर्षी तोच रंग मिळाला तरी त्याची छटा वेगळी असू शकते. सर्व पेट्यांवरचा बॅच क्रमांक एकच असल्याची खात्री माल उतरवतानाच करावी, ट्रक गेल्यावर नव्हे.

वॉरंटीच्या वर्षांच्या आकड्यापेक्षा तिच्यातली वगळलेली कलमे वाचावीत. ओरखडे, उन्हाने आलेला फिकेपणा, रबराचे डाग आणि असमान जमीन हे बहुतेक वेळा वगळलेले असते. बसवणाऱ्याने जमीन तपासून समतल केल्याची नोंद बिलावर करून घ्यावी, फळी बसवण्यापूर्वी जमिनीची छायाचित्रे काढावीत, आणि उत्पादनाचा कोड व बॅच क्रमांक असलेली पेटीची चिठ्ठी बिलाला जोडून ठेवावी. सातवी पेटी माळ्यावर आडवी ठेवावी. उभ्या ठेवलेल्या फळ्या वाकतात आणि मग गरजेच्या वेळी त्या बसत नाहीत.